एवढा मोठा देश एकत्र राहतो कसा? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिच्या कारखान्याभोवती ही वस्ती वाढली. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या दिवसांत चहाच्या टपरीवर ऊसदरापासून सुरू झालेली चर्चा देशाच्या भवितव्यापर्यंत जाते आणि कर्नाटकाशी असलेला सीमाप्रश्न पेटलेला असला तर हमखास कुणीतरी म्हणतो, "एवढ्या भाषा, एवढे धर्म, एवढ्या जाती. हा देश कधीतरी फुटणारच." शेजारचा तितक्याच ठामपणे सांगतो, "एक भाषा करा, वर एक खमक्या माणूस बसवा, सगळं सरळ होतं." मतं दोन दिसतात, पण त्यांच्या तळाशी समज एकच आहे : माणसांचं वेगळेपण हाच देशाला धोका. हा समज चुकीचा आहे असं मी पुराव्यानिशी म्हणतो. त्यातले बरेचसे पुरावे आपल्या सोलापूर जिल्ह्यातच आहेत.

गैरसमज : भाषा आणि धर्म एक असले की देश टिकतो, अनेक असले की फुटतो.

सोमालियात जवळजवळ सगळ्यांची भाषा एक, धर्म एक, वंशही एक. १९९१ साली तिथलं सरकार कोसळलं आणि देशाचे तुकडे पडले. युगोस्लाव्हियातले सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांचं बोलणं दुभाष्याशिवाय समजू शकत होते. त्यांच्यात नव्वदच्या दशकात युरोपातलं दुसऱ्या महायुद्धानंतरचं सर्वांत भीषण युद्ध झालं.

पाकिस्तानचं उदाहरण आपण नेहमी देतो, पण अर्धंच. उर्दू लादली म्हणून बांगलादेश वेगळा झाला, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या हे खरं. पण १९५६च्या पाकिस्तानी राज्यघटनेनं उर्दूच्या जोडीला बंगालीलाही मान्यता दिली होती. देश त्यानंतर पंधरा वर्षांनी फुटला. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं ३०० पैकी १६० जागा जिंकल्या. स्पष्ट बहुमत मिळूनही त्यांना सत्ता दिली नाही, उलट मार्च १९७१मध्ये ढाक्यात लष्कर घातलं. भाषेची मागणी पुरी झाल्यावरही तो देश तुटला, कारण निम्म्याहून अधिक जनतेच्या मताला तिथल्या राज्यकर्त्यांनी किंमत दिली नाही. या प्रश्नाकडे बघताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

गैरसमज : भाषावार राज्यं केली तिथंच फुटीचं बी पेरलं गेलं.

हा गैरसमज साध्यासुध्या माणसांचा नव्हता. १९४८च्या दार आयोगानं भाषावार प्रांतरचनेला विरोध केला. पाठोपाठ नेहरू, वल्लभभाई आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनंही ती लांबणीवर टाकायला सांगितलं. नुकतीच फाळणी झालेली होती, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी होती. मग आंध्रासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ रोजी गेले, आंध्र पेटला आणि १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र राज्य झालं. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग त्यानंतर नेमला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशाचा नकाशा भाषेच्या आधारानं नव्यानं आखला गेला. मराठी माणसाच्या वाट्याला तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्य आलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक हुतात्मे गेल्यावर १ मे १९६०ला महाराष्ट्र मिळाला.

त्याच १९५६ साली श्रीलंकेनं उलटी वाट धरली. सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा तिथं झाला. तमिळांना संघराज्य हवं होतं, ते मिळालं नाही. १९८३ ते २००९ असं सव्वीस वर्षांचं यादवी युद्ध त्या छोट्या बेटानं सोसलं. आपल्याकडच्या तमिळांचा एक मोठा पक्ष, द्रमुक, तेव्हा उघडपणे स्वतंत्र द्रविडनाडू मागत होता. त्यानं ती मागणी १९६३ साली सोडली आणि १९६७ साली निवडणूक जिंकून मद्रासचं सरकार चालवायला घेतलं. अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. फुटीची भाषा करणाऱ्या फळीला राज्य चालवायला मिळालं, आणि तो प्रश्न मागे पडत गेला.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत एक बारकावा मांडला, तो आपण विसरतो. एका राज्याची एक भाषा असावी हे त्यांना मान्य होतं. पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं. २०१४ साली तेलुगू बोलणाऱ्यांची आंध्र आणि तेलंगण अशी दोन राज्यं झाली, तेव्हा देशाला काहीही इजा झाली नाही.

गैरसमज : हिंदी ही राष्ट्रभाषा आहे आणि तिच्यामुळे देश जोडलेला आहे.

राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. कलम ३४३ हिंदीला केंद्राची राजभाषा म्हणतं, म्हणजे कारभाराची भाषा. २०११च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे ४३.६ टक्के होते आणि त्या आकड्यात भोजपुरी, राजस्थानी अशा बोलीही मोजल्या आहेत. १९६५मध्ये मद्रासमध्ये हिंदीविरोधी आंदोलन भडकलं. त्यानंतर १९६७मध्ये कायदा दुरुस्त करून, बिगरहिंदी राज्यांना हवं तोवर इंग्रजी चालू राहील अशी हमी संसदेनं दिली. महाराष्ट्रातही पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय २०२५च्या जूनअखेर मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा सरकारनं माघार घेतली आणि दोन्ही वेळा देश जागच्या जागी राहिला.

गैरसमज : सीमावाद, पाणीवाद चालू आहेत म्हणजे ऐक्य वरवरचं आहे.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगानं अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत भागांतली २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला आणि तिकडची २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत, अक्कलकोट, सोलापूरवर हक्क सांगितला. वृत्तवाहिन्यांवर रण माजलं, दोन्हीकडच्या बसगाड्या अडल्या.

त्या गदारोळात अक्कलकोट तालुक्यातली काही गावं खरंच म्हणाली की आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. जतमधल्या चाळीसएक गावांनी तर त्याच्या दहा वर्षं आधीच तसे ठराव केले होते. यात द्रोह शोधणाऱ्यांनी ती निवेदनं नीट वाचायला हवी होती. रस्ता नाही, पाणी नाही, वीज नाही, पलीकडच्या गावात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी वेगळा देश मागितला नव्हता. पासपोर्ट, नाणं, मतदार ओळखपत्र सगळं तेच राहणार होतं, फक्त जिल्हाधिकारी बदलून हवा होता. आपल्या सरकारलाही मर्म कळलं, कारण उत्तर म्हणून जतसाठी म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला गती देण्याची घोषणा झाली. एकाच देशातल्या दोन राज्यांपैकी कोण पाणी लवकर देतं, या स्पर्धेचा फायदा त्या दुष्काळी गावांना झाला तर त्यात वाईट काय?

श्रीपूरचा ऊस नीरा आणि भीमेच्या पाण्याच्या टापूतला. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. भीमा पंढरपूर ओलांडून पुढं कर्नाटकात शिरते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा तेलंगण, आंध्रकडे जाते. म्हणजे आपल्या बांधावरचं पाणी आणि कन्नड, तेलुगू शेतकऱ्याच्या बांधावरचं पाणी एकाच हिशेबातलं. हा हिशेब कुणी लाठ्याकाठ्यांनी केला नाही. १९५६च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद १९६९ साली नेमला गेला. त्यानं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी वाटून दिले. तिघंही नाराज झाले, तिघांनीही पुन्हा दाद मागितली, दुसरा लवाद बसला, तो वाद आजही संपलेला नाही. मला यात देशाची कमजोरी दिसत नाही. नदीच्या पाण्यावरून हत्यार उपसणाऱ्या राज्यांचा इतिहास जगभर आहे. इथं या राज्यांचे वकील फायली घेऊन एकाच न्यायासनासमोर पन्नास वर्षं उभे आहेत.

उसाचंही तेच. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली. सीमेवरच्या शेतकऱ्यांना कर्नाटकातले कारखाने जवळचे, दरासाठीही सोयीचे. विरोध झाला आणि काही दिवसांतच बंदी उठली. देशभर व्यापार मोकळा असावा असं घटनेचं कलम ३०१ सांगतं, ते सीमेवरच्या ऊसवाल्याला अगदी व्यवहारातून समजलेलं आहे.

गैरसमज : राज्य मराठी, म्हणजे बाकीच्या भाषांचे लोक पाहुणे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात फिरून यावं. यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादरीचं नाव जगभर नेलं आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सारा पूर्व भाग रस्त्यावर असतो. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांचे नंदीध्वज खांद्यावर घेणारे घरी मराठी बोलतात की कन्नड, हे कुणी विचारत नाही. गंगाधर कुचन आणि धर्मण्णा सादूल ही तेलुगू समाजातली माणसं सोलापूरची खासदार झाली. बालभारती आजही कन्नड आणि तेलुगूत पाठ्यपुस्तकं छापते. अल्पसंख्याक भाषेच्या मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे कलम ३५० अ १९५६ सालीच घटनेत आलं, भाषावार राज्यरचनेच्या बरोबरीनं. बेळगावच्या मराठी माणसासाठी आपण जे मागतो, ते अक्कलकोटच्या कन्नड माणसाला देणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिथं हयगय करून सीमाभागातल्या मराठीसाठी गळा काढण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणि चार हुतात्मा चौकात उभं राहून ती चार नावं वाचावीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उठलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून नाहीसा झाला, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. चौघांचा समाज वेगवेगळा होता, आरोप एक होता आणि ज्या देशासाठी ते गेले तो देशही एकच होता.

गैरसमज : असा देश फक्त कणखर हातानंच एकत्र राहतो.

फेब्रुवारी १९६६च्या अखेरीस मिझो नॅशनल फ्रंटनं बंड पुकारलं. मार्चमध्ये भारतीय हवाई दलानं ऐजॉलवर हल्ला केला, आपल्याच शहरावर. याहून कणखर हात कुठला? तरी बंड वीस वर्षं चाललं. ते थांबलं ३० जून १९८६च्या करारानं. १९८७ला मिझोराम राज्य झालं आणि बंडाचे नेते लालडेंगा भारतीय घटनेची शपथ घेऊन मुख्यमंत्री झाले. त्यांच्याशी केलेल्या समझोत्याला तेव्हा दुबळेपणा म्हणणारे होते. ईशान्येतल्या सर्वांत शांत राज्यांत पुढं मिझोरामची गणना झाली.

उलट बाजूही सांगायलाच हवी. १९८७ला जम्मू-काश्मीरच्या निवडणुकीत गैरप्रकार झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात खोरं बंदुकीच्या हाती गेलं. मे २०२३पासून मणिपूर जळलं, माणसं आपल्याच राज्यात निर्वासित झाली. हे अपयश लपवून ऐक्याच्या गप्पा मारू नयेत. दिल्लीनं राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वापरून निवडून आलेली राज्य सरकारं पुन्हा पुन्हा घालवली. त्याला खरा लगाम १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी घातला, एस. आर. बोम्मई खटल्यात. अक्कलकोटवर हक्क सांगणाऱ्या बसवराज बोम्मईंचे हे वडील. त्यांच्या खटल्यानं महाराष्ट्रासकट सगळ्याच राज्यांच्या सरकारांना संरक्षण मिळालं, हेही सोलापूरकरांनी लक्षात ठेवावं.

गैरसमज : पंचाहत्तर वर्षं टिकला, आता काळजीचं कारण नाही.

सोव्हिएत संघही एकोणसत्तर वर्षं टिकला होता. त्याच्या राज्यघटनेत कलम ७२ खाली प्रजासत्ताकांना बाहेर पडायचा हक्क होता, पण खरी निवडणूक आणि खरं राज्य चालवणं कधी त्यांच्या वाट्याला आलं नाही. आपल्याकडे नेमकं उलट आहे : बाहेर पडायचा हक्क नाही, पण आत राहून सत्तेत वाटा मागता येतो. तो वाटा कमी होतोय असं एखाद्या मोठ्या प्रदेशाला वाटू लागलं, तर मात्र जुन्या पुण्याईवर भागणार नाही.

असा प्रश्न आज समोर आहे. राज्यांमधलं लोकसभेच्या जागांचं वाटप १९७१च्या लोकसंख्येवर गोठवलेलं होतं. २००१च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीनं ते २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच ठेवलं. कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना भीती आहे की निव्वळ लोकसंख्येवर जागा वाटल्या तर संसदेतला त्यांचा आवाज उत्तरेपुढं क्षीण होईल. एक माणूस, एक मत हे तत्त्व उत्तरेच्या बाजूला आहे, आणि संघराज्यातल्या भागीदाराला त्याच्या चांगल्या कामाची शिक्षा होऊ नये हे दक्षिणेच्या बाजूला. माझं मत असं की जागांचा निर्णय बहुमताच्या जोरावर रेटू नये, सगळ्या राज्यांना बरोबर बसवून, तोडगा निघेपर्यंत वेळ घेऊन तो व्हावा. महाराष्ट्रानं त्या बैठकीत दक्षिणेची बाजू लावून धरावी. भीमेच्या पाण्यासाठी ज्यांच्याशी आपण लवादात भांडतो, ते कर्नाटक आणि आंध्र या प्रश्नावर आपले मित्रच असायला हवेत.