सर्व्हरच्या पत्रावर प्रेषक कोण?

लिनक्स सर्व्हर आपली सुख-दुःखे ई-मेलने कळवीत असतो. ठरलेल्या वेळी कामे उरकणारी ‘क्रॉन’ ही यंत्रणा कामात आलेल्या त्रुटी पत्राने कळविते. एकमेकींची प्रत राखणाऱ्या दोन हार्ड डिस्कपैकी एक निकामी झाल्यास ‘एमडीअ‍ॅडम’ हा प्रोग्राम इशारा धाडतो. हा इशारा पोहोचला नाही, तर दुसरी डिस्कही बंद पडेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

इशारे हरवण्याचे एक कारण अगदी साधे असते, ते म्हणजे प्रेषकाचा पत्ता. अशी पत्रे बहुधा ‘रूट’ या खात्याच्या नावाने निघतात आणि त्यापुढे त्या यंत्राचे अंतर्गत नाव जोडले जाते. हे नाव इंटरनेटवर अस्तित्वातच नसेल, तर पलीकडचा मेल सर्व्हर पत्र नाकारू शकतो. नकाराची सूचना परत येते तीही त्याच यंत्रावरील रूटच्या टपालपेटीत, जी सहसा कोणी उघडत नाही.

वीत्से वेनेमा यांनी विकसित केलेल्या आणि १९९८मध्ये खुल्या झालेल्या ‘पोस्टफिक्स’मध्ये यावर उपाय आहे. ‘मेन.सीएफ’ या फाइलमधील ‘मायओरिजिन’ या नोंदीत संस्थेचे खरे डोमेन लिहिले, की खात्याच्या नावापुढे तेच जोडले जाते. सर्व्हर अनेक असतील, तर २००५च्या २.२ आवृत्तीपासून मिळणारी ‘जेनेरिक’ तक्ता ही सोय अधिक उपयुक्त ठरते. बाहेर जाणाऱ्या पत्रांचाच पत्ता ती बदलते. लिफाफ्यावरचाही आणि पत्राच्या मथळ्यातलाही. स्थानिक टपाल जसेच्या तसे राहते. प्रत्येक यंत्राला निराळा पत्ता दिल्यास इशारा कोठून आला, हेही लगेच उमगते.

मात्र, पत्ता खरा असणे पुरेसे नाही. तो वापरण्याचा अधिकारही सिद्ध करावा लागतो. त्यासाठी डोमेनच्या ‘एसपीएफ’ नोंदीत सर्व्हरचा आयपी क्रमांक नोंदवावा किंवा संस्थेच्या अधिकृत मेल सर्व्हरमार्फत पत्रे पाठवावीत. गुगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक प्रेषकासाठी ‘एसपीएफ’ किंवा ‘डीकेआयएम’ यांपैकी किमान एक पडताळणी आवश्यक केली आहे.

अखेरीस ‘एलिअसेस’ फाइलमध्ये रूटचे टपाल नियमित वाचल्या जाणाऱ्या पत्त्याकडे वळवावे आणि एक चाचणी पत्र पाठवून पाहावे. ते पोहोचले, तरच सर्व्हरचे मौन हे सारे सुरळीत असल्याचे लक्षण मानता येईल.