सिजविक हॉल : प्रार्थनामंदिराशिवायचं वसतिगृह

हेन्री सिजविक हे नाव नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं ते ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’ या १८७४ सालच्या ग्रंथामुळे. केंब्रिजच्या न्यूनम या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांच्या नावाचं एक वसतिगृहही आहे. ग्रंथाकडे वळण्याआधी आज आपण त्या इमारतीकडे बघू. हा माणूस तिथं जास्त चांगला कळतो, असं माझं मत आहे.

१८६९ साल. सिजविक ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होते. त्या पदासाठी चर्च ऑफ इंग्लंडची धर्मतत्त्वं आपल्याला मान्य आहेत, असं जाहीर करावं लागे. मनात शंका आणि कागदावर सही, हे सिजविकना जमेना. त्यांनी राजीनामा दिला. कॉलेजनं त्यांना व्याख्याता म्हणून ठेवून घेतलं, हा भाग वेगळा. १८७१ मध्ये तर कायद्यानंच ती अट काढून टाकली.

त्याच वर्षी सिजविकनी गावात एक घर भाड्यानं घेतलं. स्त्रियांसाठी व्याख्यानं आदल्या वर्षीच सुरू झाली होती. पण परगावच्या मुलींनी राहायचं कुठं? अॅन क्लफ या अनुभवी शिक्षिकेवर त्यांनी घर सोपवलं. पहिल्या विद्यार्थिनी पाच. १८७५ मध्ये न्यूनम हॉल उभा राहिला, १८८० मध्ये नॉर्थ हॉल. हाच पुढे सिजविक हॉल झाला. सिजविक आणि त्यांच्या पत्नी एलिनॉर सुरुवातीची दोन वर्षं तिथंच राहिले. एलिनॉर उपप्राचार्या होत्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, असतंच. न्यूनममध्ये ते बांधलंच नाही. कुठल्याही पंथाची मुलगी यावी, कुठलाच पंथ नसलेलीनंही यावं. राजीनाम्यातला विचार इथं विटांत उतरलेला दिसतो.

अभ्यासक्रमाबाबत मात्र गर्टन कॉलेजच्या एमिली डेव्हिस आणि सिजविक यांचं पटलं नाही. मुलींनी पुरुषांच्याच परीक्षा, त्याच अटींवर द्याव्यात, हा डेव्हिसबाईंचा हट्ट. सक्तीचं ग्रीक-लॅटिन मुळात पुरुषांनाच कशाला, हा सिजविकांचा प्रश्न. प्रश्न रास्तच, पण वेगळी वाट म्हणजे दुय्यम वाट, असं म्हणायला लोक टपलेले असतात. इथं मी बाईंच्या बाजूचा.

१८८१ मध्ये विद्यापीठानं स्त्रियांना ऑनर्सच्या परीक्षेचा रीतसर हक्क दिला. पदवी नाही दिली! १८९७ मध्ये नुसत्या नावापुरत्या पदवीचा ठराव मताला आला, तो ६६१ विरुद्ध १७०७ असा पडला. सिजविक १९०० मध्ये वारले. एलिनॉर १८९२ ते १९१० प्राचार्या होत्या, १९३६ पर्यंत जगल्या. केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.