जुन्या संगणकीय नोंदींचे जतन



अहवाल वर्षात एक ज्येष्ठ भगिनी मुलासह कार्यालयात आल्या. २००९ साली आपल्या रुग्णालयात त्यांच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसविण्यात आला होता. तो आता सैल झाल्याने दुसऱ्या शहरात पुन्हा शस्त्रक्रिया ठरली होती. तेथील शल्यविशारदांना आधीच्या सांध्याचा उत्पादक, आकार व बॅच क्रमांक हवा होता. रुग्णाजवळचे कार्ड हरवले होते. कागदी केसपेपर मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केलेले होते. नोंद असलीच तर ती जुन्या सर्व्हरमध्ये होती आणि तो सर्व्हर सुरूच होत नव्हता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. २०१५ साली नवी संगणक प्रणाली घेताना येणे-देण्याच्या शिलका तेवढ्या नव्या प्रणालीत नेल्या व रुग्णनोंदी जुन्या सर्व्हरवरच ठेवल्या. खर्च वाचविण्याचा तो निर्णय प्रस्तुत लेखकाचाच होता. हिशेबपुस्तकात घसारा वजा जाता त्या यंत्राची किंमत १ रुपया उरली होती. आतील नोंदींना मात्र घसारा लागत नाही, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

जुना कार्यक्रम नव्या संगणकावर का चालत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. आपली माहिती एस्क्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमध्ये होती. त्याचा बॅकअप २०१२ वा त्यानंतरच्या आवृत्तीत थेट उतरत नाही. शिवाय मराठी नावे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असल्याने तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणजे जुन्या नोंदींना जुनेच घर हवे.

ते घर ‘व्हर्च्युअल मशीन’ने मिळते. नव्या संगणकात एका विशेष सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसरा संगणक आभासी रूपाने उभा करता येतो. त्याची हार्डडिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाईल असते. यंत्र बदलले तरी ती फाईल दुसरीकडे नेता येते.

काम पुढील क्रमाने झाले. प्रथम जुन्या हार्डडिस्कच्या दोन प्रती काढून मूळ डिस्क मोहोरबंद केली. मूळ व्हाउचरवर खाडाखोड करावयाची नाही, हा हिशेबातील दंडक येथेही पाळला. नंतर खरेदीची कागदपत्रे काढून विंडोज सर्व्हर २००३चा परवाना तपासला. यंत्रासोबत मिळणारा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. आपला परवाना स्वतंत्र होता व मूळ सीडीही जपलेली होती.

आभासी संगणकास १ जीबी मेमरी व २० जीबी डिस्क दिली. ती डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडावी लागली, कारण अलीकडची साटा जोडणी त्या सीडीला ओळखता येत नाही आणि ‘हार्डडिस्क आढळली नाही’ असे सांगून स्थापना थांबते. त्यानंतर सर्व्हिस पॅक २, डेटाबेस, जुना फॉन्ट व शेवटी बिलिंगचा कार्यक्रम असा क्रम ठेवला. फाईली सीडीच्या प्रतिमेच्या रूपाने आत दिल्या. सर्व सुरळीत चालल्यावर त्या स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ घेतला. पुढे काही बिघडले तर त्याच स्थितीस परतता येते.

या आभासी संगणकास नेटवर्क कार्ड मुळीच दिलेले नाही. विंडोज सर्व्हर २००३चा आधार उत्पादकाने १४ जुलै २०१५ रोजी थांबविला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. त्या वेळी मुदत संपलेल्या या सर्व्हरसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती प्रसृत करावी लागली होती. अशी प्रणाली जाळ्यास जोडणे म्हणजे कुलूप नसलेले दार रस्त्यावर उघडणे होय. म्हणून नोंद पडद्यावर पाहून तिची छापील प्रत काढली जाते व मागणाऱ्याचे नाव रजिस्टरमध्ये लिहिले जाते.

त्या भगिनींची नोंद साहित्य-वितरणाच्या तपशिलात सापडली. उत्पादक, आकार व बॅच क्रमांक, तिन्ही बाबी होत्या. संबंधित शल्यविशारदांकडे त्या त्याच दिवशी पाठविण्यात आल्या.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे व रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक करण्यात आले. शरीरात बसविलेला सांधा मात्र १५-२० वर्षे सोबत करतो. नियमाची मुदत संपली तरी रुग्णाची गरज संपत नाही. यापुढे प्रत्येक प्रणाली बदलताना रुग्णनोंदी वाचता येतील अशा स्वरूपात सोबत नेण्याचा आणि या आभासी सर्व्हरची प्रत दरवर्षी उघडून तपासण्याचा संकल्प आहे.