चढाई आणि हुलकावणी

लांकडी टेबलावर हिरवें कापड अंथरलेलें आहे. त्यावर पुठ्ठ्याचे डोंगर, वाळलेल्या शेवाळाचें रान आणि करंगळीच्या दोन पेरांएवढे रंगविलेले शिपाई मांडले आहेत. एका बाजूस ढालींना ढाली भिडवून उभें असलेलें स्पार्टाचें जड पायदळ. समोर फेंकण्याचे भाले घेतलेले हलके शिपाई. आणि एका अंगास टेंकडीआड मूठभर घोडेस्वार. माझा नातू म्हणतो, "मी चढाई करतों." त्याचा मित्र म्हणतो, "माझे शिपाई निसटतात." गेल्या वर्षीं याच ठिकाणीं, नियमांतील एका वाक्याच्या अर्थावरून, आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, त्याची आठवण झाली म्हणजे मला अजूनहि संकोच वाटतो. त्याकडे मी शेवटीं येईन. प्रथम हा खेळ काय आहे व त्यांतील चढाईचे नियम इतके वादाचे कां होतात, तें सांगणें अवश्य आहे.

युद्धाचा खेळ आपणांस अपरिचित नाहीं. परंतु बुद्धिबळांत पटाला घरें असतात. प्यादें कोणत्या घरांत आहे याविषयीं दोन मतें होऊं शकत नाहींत. या खेळांत घरें नाहींत. सर्व कांहीं पट्टीनें मोजावयाचें, आणि रणांगणावरील अनिश्चितता फांशानें आणावयाची. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्स नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाच्या अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले, ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं. पुढें १८७६ सालीं त्याच देशांतील फेर्डी दु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादन केलें कीं, नियमांचें जंजाळ कमी करावें आणि निर्णय अनुभवी पंचाच्या बुद्धीवर सोंपवावा. नियम मोठा कीं पंच मोठा, हा वाद तेव्हांपासूनचा आहे.

घरगुती दिवाणखान्यांत हा खेळ आणला तो एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें, १९१३ सालच्या 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकानें. ग्रीक, रोमन, इराणी अशा प्राचीन सैन्यांच्या लढायांचे टोनी बाथ यांनीं रचलेले नियम डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ सालच्या पुस्तकांत आले. १९६५ मध्यें इंग्लंडांत 'सोसायटी ऑफ एन्शन्ट्स' ही मंडळी स्थापन झाली, आणि १९६९ मध्यें 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'चे प्राचीन युद्धांचे नियम निघाले. तेव्हांपासून नियमांचीं पुस्तकें निघतच आहेत. आणि बहुतेकांत अवघड भाग एकच असतो: चढाई झाली असतां समोरच्यानें काय करावें?

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. निसटणें म्हणजे पळ काढणें नव्हे. पळणाराचा धीर सुटलेला असतो. निसटणारा ठरवून मागें सरतो आणि शत्रु थांबला कीं पुन्हा वळतो. गनिमी काव्याच्या हकीकती ऐकत वाढलेल्या आपणां मराठी माणसांस हा भेद निराळा समजावून सांगावयास नको. प्राचीन ग्रीकांस मात्र तो मोठें मोल देऊन शिकावा लागला.

इ. स. पूर्वीं ४०१ मध्यें इराणच्या राज्यांतून परत निघालेल्या दहा हजार ग्रीकांच्या पिछाडीवर मिथ्रदातेस नांवाचा सरदार सुमारें दोनशें स्वार आणि चारशें तिरंदाज व गोफणदार घेऊन आला. झेनोफन स्वतः पिछाडीस होता. त्यानें आपल्या जड पायदळासह पाठलाग केला. पण एकहि शत्रु हातीं लागला नाहीं. उलट जितकें पुढें धांवावें तितकें लढत लढत परतावें लागे. त्या रात्रीं त्यानें आपली चूक कबूल केली, आणि ग्रीकांनीं आपल्यांतूनच दोनशें गोफणदार व पन्नास स्वार उभे केले. निसटणाराला गांठावयाचें तर तितकेंच चपळ दल पाहिजे, हा त्याचा अर्थ.

दुसरें उदाहरण इ. स. पूर्वीं ३९० मधील, कॉरिंथजवळच्या लेखेऑन बंदराचें. सुमारें सहाशें स्पार्टन शिपायांची एक तुकडी उघड्या मैदानांतून परतत होती. अथेन्सच्या इफिक्रातेसनें तिच्यावर आपले हलके भालाफेके सोडले. स्पार्टन सेनानायकानें तरुण शिपायांस पाठलागाचा हुकूम दिला. ते धांवले, पण ढालींच्या ओझ्यानें मागें पडले. आणि परत फिरतांना त्यांची फळी विसकटली तोंच भालाफेके पुन्हा अंगावर आले. असें वारंवार झालें. सुमारें अडीचशें माणसें पडलीं. ज्यांच्या शिस्तीची साऱ्या ग्रीसमध्यें ख्याति, त्यांची ही गत! आणि इ. स. पूर्वीं ५३ मध्यें कारीच्या लढाईंत पार्थियन स्वारांनीं रोमन सेनापति क्रॅसस याच्या मुलाला याच युक्तीनें मुख्य सैन्यापासून दूर ओढून नेऊन घेरलें.

आतां हें सारें टेबलावर कसें आणावयाचें? कांहीं नियम हा प्रश्न टाळतात. १९९० च्या 'दे बेल्लिस आंतिक्वितातिस' या प्रसिद्ध नियमावलींत निसटण्याची स्वतंत्र चाल नाहीं. मागें हटणें वा पळणें हें झटापटीच्या निकालांतच येतें. आमच्या घरीं मात्र ती चाल स्वतंत्र आहे. क्रम असा: प्रथम चढाई करणारानें कोणत्या दलावर चढाई, तें बोलून दाखवावयाचें. मग त्या दलाच्या धन्यानें उभें राहणार कीं निसटणार, तें सांगावयाचें. निसटणार असेल तर दोघांनींहि फांसा टाकावयाचा. आधीं निसटणारे जातात, नंतर चढाई करणारे.

जड पायदळाची चाल तीन इंच, हलक्या पायदळाची पांच इंच. फांशावर एक पडला तर दोन इंच कमी, दोन पडले तर एक इंच कमी; तीन-चार पडल्यास फरक नाहीं; पांचास एक इंच अधिक, सहास दोन इंच अधिक. समजा, दोघांमध्यें दोन इंचांचें अंतर आहे. निसटणारानें एक टाकला व चढाईवाल्यानें सहा टाकले, तरच जड पायदळ हलक्यांस गांठतें. म्हणजे छत्तीसांत एकदां. त्याऐवजीं पांच इंच चालणारे घोडेस्वार असतील तर छत्तीसांत आठदां. जुना गणिताचा मास्तर म्हणून मीं हा हिशेब मुलांकडून करवून घेतला, आणि झेनोफनला पन्नास स्वार कां हवेसे वाटले तें त्यांस एका पाटीभर आंकड्यांत कळलें.

परंतु आंकडे सोपे. खरी अडचण अर्थाची. पहिला प्रश्न वेळेचा. निसटण्याचा निर्णय फांसा पडण्यापूर्वीं सांगितला पाहिजे आणि तो फिरवितां येत नाहीं. नाहीं तर प्रत्येकजण फांसा पाहून शूर होईल. दुसरा प्रश्न दिशेचा. निसटणारानें सरळ आपल्या पाठीमागें जावें, अथवा चढाई ज्या दिशेनें आली त्याच दिशेनें पुढें जावें. तिसरी दिशा नाहीं. मुलांस हा नियम जुलमाचा वाटे. पण दिशा मोकळी ठेवली तर शत्रूच्या चढाईचा फायदा घेऊन निसटणारा फुकट एक चाल मिळवील आणि हव्या त्या ठिकाणीं जाऊन बसेल. तिसरा प्रश्न अडथळ्याचा: मागें आपलेच लोक उभे असतील तर हलके शिपाई त्यांच्या रांगांतून पार होतात, टेबलाची कडा आली तर तें दल रणांगण सोडून गेलें असें समजतात.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि आमच्या घरचें भांडण त्याचेंच. ज्याच्यावर चढाई केली तो निसटला, तर चढाई करणारानें किती पुढें जावयाचें?

आमचे नियम मूळ इंग्रजींत आहेत. मुलांच्या सोयीसाठीं मीं ते मराठींत उतरून एका वहींत लिहिले होते. त्यांत वाक्य असें होतें: "दल निसटल्यास चढाई करणारांनीं फांशानें ठरलेलें पूर्ण अंतर जावें." त्या दिवशीं मित्राचे भालाफेके निसटले. माझ्या नातवानें चार टाकले. त्याला तीन इंच जावयाचें होतें. पण तीन इंच गेलें कीं त्याच्या फळीची बाजू टेंकडीआडच्या घोडेस्वारांपुढें उघडी पडत होती. तो एक इंच जाऊन थांबला. मित्र म्हणाला, "पूर्ण गेलं पाहिजे." नातू म्हणाला, "वहींत 'जावें' आहे. 'गेलेंच पाहिजे' असं कुठं आहे?"

दोघांनीं मला पंच केलें. मीं वही पाहिली, चष्मा पुसला आणि मोठ्या अधिकारानें सांगितलें कीं, स्पार्टाचे लोक शिस्तीचे. सेनानायकानें हांक मारतांच ते थांबतील. सबब थांबण्यास हरकत नाहीं. मित्र कांहीं बोलला नाहीं. त्याचे घोडेस्वार टेंकडीआडच राहिले आणि तो डाव हरला. त्यानें आपले शिपाई एकेक करून कापसांत गुंडाळले, मला नमस्कार केला आणि निघून गेला. पुढचे दोन रविवार तो आला नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत दुसऱ्याच एका नियमासाठीं मीं मूळ इंग्रजी पुस्तक उघडलें. तेथें शब्द संदिग्ध नव्हता. गेलेंच पाहिजे, असा तो स्पष्ट होता. अपवादहि पुढच्याच पानावर मोजून दिले होते आणि त्यांत शिस्तीचें नांव नव्हतें. संदिग्धता माझ्या भाषांतराची होती. आपल्या मराठींतील 'जावें' हें रूप आज्ञाहि होतें, उपदेशहि होतो आणि प्रसंगीं परवानगीहि होते. तें मीं, जन्मभर व्याकरण शिकविणारानें, नियमाच्या वाक्यांत वापरलें होतें. शब्दानें मी चुकलों. हेतूनेंहि चुकलों, कारण हा नियम आहे तो मुळीं चढाई करणाराला फळीबाहेर ओढून नेतां यावें म्हणूनच. आणि ज्या इतिहासाचा मीं हवाला दिला, तोहि लेखेऑनच्या मैदानावर माझ्याविरुद्धच साक्ष देत होता. नातवाच्या मायेनें माझा कौल झुकला नसेल, असेंहि मला शपथेवर सांगतां येणार नाहीं.

त्याच संध्याकाळीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों आणि माझी चूक सांगितली. तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मला तेव्हांच ठाऊक होतं. इंग्रजी पुस्तक माझ्या पिशवींत होतं. पण तुम्ही पंच, आणि एवढे मोठे. तुमच्यापुढं तें कसं उघडायचं?"

श्रोतेहो, चुकीच्या निर्णयापेक्षां हें उत्तर मला अधिक लागलें. माझ्या वर्गांतहि किती मुलें अशीं पिशवींत पुस्तक ठेवून गप्प बसलीं असतील!

तेव्हांपासून आमच्या घरीं रीत बदलली आहे. वाद पडला कीं प्रथम मूळ वाक्य मोठ्यानें वाचावयाचें, आणि तें वाचावयाचें ज्याच्याविरुद्ध कौल जाण्याचा संभव आहे त्यानें. त्यानें अर्थ लागला नाहीं तर तो नियम कशासाठीं आहे याचा विचार करावयाचा. इतिहासाचा दाखला त्याच्याहि नंतर. कारण इतिहासांतून हवा तो दाखला काढण्याचा मोह मोठ्या माणसांना फार. एवढ्यानेंहि निकाल न लागल्यास त्या दिवसापुरता फांसा टाकावयाचा आणि पुढच्या डावापूर्वीं सर्वांनीं मिळून अर्थ ठरवून वहींत लिहावयाचा. वहींतील तें वाक्य मीं खोडलें आणि तेथें "गेलेंच पाहिजे" असें तांबड्या शाईनें लिहिलें.

पुढच्या रविवारीं मुलांनीं तोच डाव त्याच जागेपासून पुन्हा मांडला. स्पार्टन फळी पूर्ण तीन इंच पुढें गेली, घोडेस्वार टेंकडीमागून निघाले, आणि माझा नातू हरला. तो थोडा वेळ रुसून बसला होता. पण चहा येईतों दोघे पुढच्या लढाईच्या मांडणीविषयीं हुज्जत घालीत होते. पुस्तक टेबलावर उघडें होतें.