रेघ इथे दिली तर शील, तिथे दिली तर शिळा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जिंतूरला एका ओळखीच्या कुटुंबात आम्ही मुक्कामाला होतो. घरचे कर्ते मोंढ्यात हमाली करतात. थोरली मुलगी पाली विषय घेऊन एम. ए. करते आणि दुपारी एका संगणक केंद्रात टायपिंगचे काम करते. त्या संध्याकाळी ती घरी आली ती चेहरा पाडूनच. आईने विचारले तेव्हा म्हणाली, "माझा प्रकल्प परत आला, आई. इंग्रजी अक्षरांत पाली शब्द लिहिले, पण त्यांवरच्या रेघा आणि टिंबं दिली नाहीत, असं सरांनी लिहिलंय."

वडील म्हणाले, "एवढुशा टिंबापायी वापस केलं? असं कसं गं माय?"

बापाचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटले.

खुणा आल्या कोठून?

पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत, आपल्याकडे देवनागरीत. युरोपातील अभ्यासकांनी तिला रोमन म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांत आणले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि त्रिपिटकाचे ग्रंथ रोमन अक्षरांत छापले. पण इंग्रजीची अक्षरे २६ आणि पालीचे वर्ण चाळीसहून अधिक! मग 'त' आणि 'ट' वेगळे कसे दाखवायचे? 'अ' आणि 'आ' वेगळे कसे कळायचे? म्हणून दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ, 'ट', 'ड', 'ण', 'ळ' यांच्या अक्षराखाली टिंब, 'ञ'साठी 'एन'वर नागमोडी रेघ, अशा खुणा रूढ झाल्या. १८९४ साली जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत अशा खुणांची सर्वसाधारण पद्धत ठरली. आज जगभरचे अभ्यासक याच खुणा वाचतात.

खूण गळाली की अर्थ गळाला

एस, आय, एल, ए अशी चार अक्षरे घ्या. 'आय'वर रेघ दिली तर तो शब्द 'सील', म्हणजे आपले शील. रेघ 'ए'वर दिली तर तो 'सिला', म्हणजे दगड. रेघच दिली नाही तर वाचणाऱ्याने काय समजावे?

'बल' म्हणजे शक्ती आणि 'बाल' म्हणजे अज्ञानी, मूर्ख. धम्मपदाचा पाचवा वग्ग 'बालवग्ग' मूर्खांविषयी आहे. रेघ गळाली की तोच बलाचा वग्ग होऊन बसतो. 'पञ्ञा' म्हणजे प्रज्ञा आणि 'पण्ण' म्हणजे झाडाचे पान, पण खुणा काढल्या की दोन्ही 'पन्ना'! 'माता' म्हणजे आई आणि 'मत' या शब्दाचा एक अर्थ मेलेला.

हे ऐकून वडील हसले. म्हणाले, "म्हणजे रेघ इसरली की माय मेली म्हणायचं!" सगळे घर हसले. मुलगी मात्र लगेच वही घेऊन बसली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाच्या एवढ्या व्यापातही पालीच्या व्याकरणावर आणि शब्दकोशावर मेहनत घेतली. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली ती त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केली. ज्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले गेले, तिचा एकेक वर्ण नीट लिहिणे हे आपलेही काम आहे.

आमची फजिती

दुसऱ्याला सांगण्याआधी आपली चूकही सांगावी. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही एकदा वंदनेची छोटी पुस्तिका रोमन अक्षरांत तयार केली. घरच्या संगणकावर ती सुरेख दिसली. छापून आली तेव्हा रेघेच्या जागी भलतीच चिन्हे आणि टिंबांच्या जागी चौकोन! आम्ही खास खुणांचा जुना फाँट वापरला होता आणि छापखान्यात तो नव्हता. प्रूफही आम्हीच पाहिले नव्हते. मराठीच्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अशीच गिचमिड दिसते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली.

आता टाइप कसे करायचे?

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अक्षराचा क्रमांक टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबायच्या, की अक्षर उमटते. रेघेचा 'ए' हवा तर ०१०१, रेघेचा 'आय' हवा तर ०१२बी, रेघेचा 'यू' हवा तर ०१६बी. नागमोडी रेघेचा 'एन' ००एफ१. टिंबाचा 'टी' १ई६डी, 'डी' १ई०डी, 'एन' १ई४७, 'एल' १ई३७ आणि 'एम' १ई४३. आकडे व अक्षरे अर्थातच इंग्रजीच दाबायची. हा तक्ता कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा.

मजकूर मोठा असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांच्या पद्धतीप्रमाणे दीर्घ 'आ'साठी 'ए' दोनदा दाबायचा आणि टिंबाच्या अक्षराआधी पूर्णविराम द्यायचा. सगळे लिहून झाले की 'फाइंड अँड रिप्लेस'ने एका दमात खऱ्या खुणा घालायच्या. मात्र वाक्य संपल्यावर पूर्णविरामानंतर जागा सोडायला विसरू नका.

विंडोजमध्ये न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा कळफलकही निवडता येतो. त्यांच्या भाषेतही दीर्घ स्वरावर हीच रेघ असते. एस्केपखालची कळ दाबून मग स्वर दाबला की रेघ येते. मोबाइलवर इंग्रजी 'ए' दाबून धरला तर बहुतेक फोनवर रेघेचे अक्षर दिसते. टिंबाची अक्षरे तिथे सहसा मिळत नाहीत.

फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांनी 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' हा कळफलक घ्यावा. त्यात अवतरणाची एकेरी खूण आणि मग 'ई' दाबला की फ्रेंचमधला तिरक्या रेघेचा 'ई' येतो. दुहेरी खूण आणि 'यू' दाबला की जर्मनमधला दोन टिंबांचा 'यू' येतो.

आणि छपाईला देताना फाँट समाविष्ट करून पीडीएफ द्या. प्रूफ स्वतः पाहा. आमच्यासारखे करू नका!

त्या रात्री जिंतूरच्या त्या घरात दिवा उशिरापर्यंत जळत होता. मुलगी एकेक शब्द दुरुस्त करीत होती. दिवसभर पोती वाहून आलेला बाप शेजारी बसून विचारत होता, "ह्याच्यावर रेघ हाय का गं?" सकाळी प्रकल्प पुन्हा रवाना झाला. या वेळी तो परत आला नाही.