गाडी परकोट्यात, सभागृह रिकामे

शास्त्रीनगर, जयपूर : नाहरगडाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, तटबंदीच्या जुन्या जयपूरला लागून वायव्येस शास्त्रीनगर ही दाट वस्ती पसरलेली आहे. कांवटिया रुग्णालय, विज्ञान केंद्र, नाहरी का नाका परिसरातील अरुंद गल्ल्या आणि चांदपोलकडे जाणाऱ्या ई-रिक्षा ही तिची नित्याची ओळख. येथून सिंधी कॅम्प किंवा चांदपोल ही मेट्रोची स्थानके फार दूर नाहीत. मात्र या वस्तीच्या अगदी जवळून जाणारी मेट्रो गेली सुमारे दीड दशके कागदावरच धावत आली. सीतापुरा ते अंबाबाडी या नियोजित मार्गावरील सुभाषनगर, पानीपेच आणि अंबाबाडी ही स्थानकांची नावे येथील रहिवाशांना तोंडपाठ आहेत. स्थानक नेमके कोठे होणार, रस्ता किती रुंद करावा लागणार, कोणती दुकाने हलणार, हे विचारायचे कोणाला, याचे उत्तर मात्र त्यांना ठाऊक नाही. प्रभागातील नगरसेवकाला विचारावे, तर त्याच्या सभागृहासमोर हा विषय निर्णयासाठी येतच नाही.

जयपूर मेट्रोकडे पाहताना चर्चा होते ती प्रवासीसंख्येची, खर्चाची आणि वारशाची. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला राजकीय प्रश्न क्वचितच विचारला जातो. शहराचा चेहरामोहरा पुढील शंभर वर्षांसाठी बदलणारा निर्णय शहराने निवडून दिलेल्या संस्थेचा असतो काय? या प्रश्नाचे उत्तर एका तारखेत सापडते. २३ सप्टेंबर २०२० रोजी मेट्रो भुयारातून परकोट्यात, म्हणजे जयपूरच्या हृदयात, बडी चौपडपर्यंत पोहोचली. त्या दिवशी जयपूरला एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०१९ मध्ये संपली होती. करोनाच्या साथीमुळे निवडणुका लांबल्या आणि त्या २०२० च्या ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या प्रारंभी झाल्या. शहराच्या मध्यभागी रेल्वे आली, तेव्हा शहराचे सभागृह रिकामे होते आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही.

पायाभरणीची पंचवार्षिक योजना

जयपूर मेट्रोचा इतिहास राजस्थानच्या सत्तांतराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. दर पाच वर्षांनी सरकार बदलण्याची या राज्याची रीत आहे आणि मेट्रोचे टप्पे त्याच तालावर पडत गेले. मानसरोवर ते चांदपोल या साडेनऊ किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या पहिल्या मार्गाची पायाभरणी अशोक गेहलोत यांच्या काँग्रेस सरकारच्या काळात झाली; ३ जून २०१५ रोजी त्याला हिरवा झेंडा दाखविला तो भाजपच्या मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांनी. चांदपोल ते बडी चौपड या जेमतेम अडीच किलोमीटरच्या भुयारी टप्प्याची कोनशिला सप्टेंबर २०१३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते बसविण्यात आली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत विधानसभा निवडणूक होऊन काँग्रेसची सत्ता गेली. भुयाराचे बहुतांश काम राजे सरकारच्या कारकिर्दीत झाले आणि उद्घाटनाचा योग पुन्हा गेहलोत यांना लाभला.

बडी चौपडपासून पूर्वेकडे ट्रान्सपोर्टनगरपर्यंतच्या पुढील विस्ताराची पायाभरणीही सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या उंबरठ्यावर झाली आणि पाठोपाठ सरकार बदलले. दहा वर्षांच्या अंतराने एकाच महिन्यात, एकाच मुख्यमंत्र्यांच्या राजवटीत, मतदानाच्या तोंडावर दोन कोनशिला बसाव्यात हा योगायोग मानता येईल. पण राज्याच्या राजकारणात योगायोगांनाही वेळापत्रक असते. सीतापुरा-अंबाबाडी मार्गाचे तर प्रत्येक राजवटीत नवे अहवाल आणि नवे अंदाज झाले. प्रारंभी सुमारे २३ किलोमीटरचा असलेला हा मार्ग भजनलाल शर्मा यांच्या सरकारच्या काळात प्रल्हादपुरा ते टोडी मोड असा सुमारे ४३ किलोमीटरपर्यंत वाढला. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात त्यासाठी सुमारे १२ हजार कोटींचा आकडा आला आणि केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीमार्फत तो राबविण्याचे ठरले. या साऱ्या फेरफारांत शास्त्रीनगरच्या मतदाराने पाच वर्षांतून एकदा आमदार निवडण्यापलीकडे कोणतीही भूमिका बजावली नाही.

रोजगारेश्वराचा धडा

निर्वाचित चर्चेचा अभाव असला, म्हणजे विरोध नाहीसा होतो असे नाही. तो दुसऱ्या दारातून येतो. परकोटा ही १७२७ मध्ये सवाई जयसिंग यांनी वसविलेली आखीव नगरी. तिच्या चौपडी म्हणजे केवळ वाहतुकीचे चौक नव्हेत. बाजार, मंदिरे, जलकुंड आणि मिरवणुका यांची ती केंद्रे होत. भुयारी स्थानकांसाठी छोटी आणि बडी चौपड खणण्यात आल्या, तेव्हा जमिनीखालील जुने कुंड उघडे पडले. मार्गात येणारी मंदिरे हलविण्यात आली. त्यांत छोटी चौपडीजवळील रोजगारेश्वर महादेवाचे मंदिर पाडले गेल्याने संतापाचा भडका उडाला. ९ जुलै २०१५ रोजी संघपरिवाराशी संबंधित संघटनांच्या पुढाकाराने शहरात चक्का जाम झाला. राज्यात सरकार भाजपचे, महापालिकेत सत्ता भाजपची आणि रस्त्यावर उतरलेले कार्यकर्तेही त्याच विचारांचे, असे अपूर्व दृश्य जयपूरने पाहिले. अखेर मंदिरांच्या पुनर्स्थापनेची आश्वासने देण्याची वेळ सरकारवर आली.

या प्रसंगाचा अर्थ केवळ श्रद्धेच्या परिभाषेत लावणे अपुरे ठरेल. ज्या मंदिराचे, दुकानाचे किंवा कुंडाचे काय होणार याची चर्चा आधी प्रभागात, मग समितीत आणि शेवटी सभागृहात व्हायला हवी होती, तिला कोठेच जागा नव्हती. ती जागा रस्त्याने घेतली. पुढे जुलै २०१९ मध्ये परकोट्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आपल्या चौपडीखाली काय गाडले गेले आहे, याचा हिशेब जयपूरला आता जगासमोर देणे आले. पण तो हिशेब मांडण्याचे व्यासपीठ शहराला आजही मिळालेले नाही.

घटनेतील बस थांबा

याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना स्वराज्य संस्थांचा दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची यादी जोडली. नगरनियोजन, रस्ते, पूल हे विषय तीत आहेत. वाहनतळ आणि बस थांबेही आहेत. शहरी रेल्वे मात्र नाही. मेट्रोचा कारभार चालतो तो संसदेने १९७८ मध्ये केलेल्या मेट्रो रेल्वे कायद्याखाली. २००९ च्या दुरुस्तीने तो सर्व महानगरांना लागू करण्याचा मार्ग खुला झाला. जयपूर मेट्रोची कंपनी राज्य सरकारची. पहिल्या मार्गाचे बांधकाम दिल्ली मेट्रोकडे, निधीचा भार जयपूर विकास प्राधिकरणासारख्या राज्याच्या संस्थांवर आणि भुयारी टप्प्यासाठी कर्ज आशियाई विकास बँकेचे. शहराचा आराखडा करणारे प्राधिकरणही राज्याच्याच अखत्यारीतले. अशा रीतीने बस थांबा महापालिकेचा आणि त्यावरून जाणारी गाडी राज्याची, अशी विभागणी झाली.

महापालिकेची अवस्थाही या विभागणीस पूरकच राहिली. २००९ मध्ये जयपूरने महापौर थेट निवडला. महापौर काँग्रेसच्या आणि सभागृहात बहुमत भाजपचे, असा पेच त्यातून उद्भवला. २०१४ मध्ये ती पद्धत गेली. २०१९ मध्ये राज्य सरकारने महापालिकेचे हेरिटेज आणि ग्रेटर असे दोन तुकडे केले. त्यानंतरच्या पाच वर्षांत दोन्हीकडील महापौरांवर राज्य सरकारकडून निलंबनाची कारवाई झाली आणि वाद न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्हींची मुदत संपली, एकत्रीकरण झाले आणि कारभार पुन्हा प्रशासकाच्या हाती गेला. जिचे अस्तित्वच राज्याच्या एका अधिसूचनेवर अवलंबून आहे, ती संस्था अब्जावधींच्या प्रकल्पावर मत कसे मांडणार?

महाराष्ट्राचा आरसा

मराठी वाचकाने याकडे परराज्याची कथा म्हणून पाहण्याचे कारण नाही. पुण्यातही मेट्रो जुन्या पेठांखालून गेली. कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानके असलेला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. त्या वेळी पुणे महापालिकेत अडीच वर्षांपासून प्रशासक होता. मुंबईच्या पोटातून जाणारी कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मार्च २०२२ पासून मुंबईतही नगरसेवक नव्हते. या महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जयपुरात निवडणूक लांबण्याचे तात्कालिक कारण साथीचे होते. महाराष्ट्रात ते आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादाचे. कारणे निराळी असली, तरी तिन्ही शहरांत मध्यवस्तीत पहिली गाडी शिरली तेव्हा सभागृहाला कुलूप होते.

याचा प्रतिवादही दुर्लक्षिण्यासारखा नाही. महापालिकांकडे तज्ज्ञता नाही, पैसा नाही आणि सभागृहात विषय गेला की तो वर्षानुवर्षे रखडतो, असे प्रशासनाचे म्हणणे असते. पुण्याचे उदाहरण त्यासाठी हमखास दिले जाते. तेथे सभागृहात मेट्रोवर चर्चा झाली, मार्ग उन्नत असावा की भुयारी यावर शहर दुभंगले आणि पायाभरणीस डिसेंबर २०१६ उजाडला. २०२१ मध्ये संभाजी पुलावरील मेट्रोच्या उंचीमुळे गणेश विसर्जन मिरवणुकीतील रथ अडतील, म्हणून सभागृहात गदारोळ झाला तो वेगळाच. हे खरे असले, तरी जयपूरचा अनुभव या युक्तिवादाची दुसरी बाजू दाखवितो. तेथे सभागृहाचा कोणताही अडसर नसताना अडीच किलोमीटरच्या भुयारास कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंत सात वर्षे लागली. चर्चा टाळल्याने वेळ वाचतोच असे नाही, आणि संभाजी पुलाचा वाद निदान सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला. रोजगारेश्वराचा वाद रस्त्यावरच राहिला.

संस्थात्मक दुबळेपणा हा काही आपल्या मातीचा गुणधर्मही नव्हे. १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने ट्राम आणि बससेवा आपल्या ताब्यात घेतली आणि बेस्ट उपक्रम उभा राहिला. मार्च १९६४ मध्ये मुंबईची शेवटची ट्राम धावली, तो निर्णय चूक की बरोबर यावर आजही वाद होऊ शकतो. पण तो कोणाचा, याविषयी संदेह नव्हता. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात १९८९ ची नगरपरिषदेची निवडणूकच भुयारी स्वयंचलित मेट्रो हवी की रस्त्यावरची ट्राम, या मुद्द्यावर लढली गेली. ट्रामचा पुरस्कार करणाऱ्या कॅथरीन त्रोतमान महापौर झाल्या आणि १९९४ मध्ये ट्राम धावू लागली. मतदाराने मार्ग निवडला, म्हणून त्याची गैरसोयही त्याने सोसली.

सीकर रस्त्याची परीक्षा

असा पर्यायांचा विचार आपल्याकडील धोरणातही लिहिलेला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने केंद्राच्या मदतीसाठी पर्यायांचा तौलनिक अभ्यास बंधनकारक केला. २०१९ मध्ये केंद्राने मध्यम गर्दीच्या मार्गांसाठी मेट्रोलाइट या हलक्या रेल्वेची मानके जाहीर केली. बहुतेक मेट्रोंची प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा फार कमी असल्याबद्दल संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये चिंता व्यक्त केली. जड मेट्रो, हलकी रेल्वे की सक्षम बससेवा, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक उरत नाही. कोणत्या वस्तीला काय आणि किती खर्चात द्यायचे, याचा तो राजकीय निर्णय असतो.

शास्त्रीनगरला या निर्णयाची किंमत ठाऊक आहे. या वस्तीच्या उत्तरेला अंबाबाडीपासून सीकर रस्त्यावर हरमाड्यापर्यंत जलद बससेवेचा स्वतंत्र मार्ग २०१० मध्ये सुरू झाला. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून झालेला हा खर्च पुढे निष्फळ ठरला आणि तो मार्ग हटविण्याचा निर्णय सरकारनेच घेतला. आता त्याच सीकर रस्त्याच्या दिशेने मेट्रो नेण्याचे नियोजन आहे. बसमार्ग का फसला, याची जाहीर चिकित्सा कोणत्याही निर्वाचित सभागृहात पूर्णत्वास गेली नाही. चूक कोणाची हे न ठरता दुसरा, त्याहून कितीतरी महाग प्रयोग त्याच दिशेला येत आहे.

घटनेच्या २४३ झेडई या अनुच्छेदाने महानगर नियोजन समितीची तरतूद केली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक निर्वाचित प्रतिनिधींनी निवडायचे आहेत. देशातील बहुतेक महानगरांत ही समिती नाममात्र राहिली. स्थानकांच्या जागा, पोहोचरस्ते, विस्थापितांची व्यवस्था आणि पूरक बससेवा एवढे चार विषय जरी अशा समितीच्या संमतीवाचून पुढे न नेण्याचे राज्यांनी ठरविले, तरी कायद्यात मोठा बदल न करता बरेच साधेल. त्यासाठी आधी महापालिकांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्या लागतील.

पानीपेचच्या चौकात उद्या मोजणीची यंत्रे येतील आणि रस्त्यावर रंगाच्या खुणा पडतील. त्या खुणांच्या अलीकडे कोणाचे घर आणि पलीकडे कोणाचे दुकान, हे शास्त्रीनगरच्या प्रत्येक रहिवाशाला सांगता येईल. त्याचे ऐकून घेण्यास बांधील असलेले सभागृह त्या दिवशी भरलेले असेल काय, यावरच जयपूरच्या पुढील मेट्रोचे यश ठरेल.