गल्ल्याजवळचे 'जेड'

आमच्या हैदराबादेत बेगमबाजाराच्या बाजूस काही पेढ्यांवर गल्ल्याजवळ एक कुंडीतले झाड ठेवलेले आढळते. जाड, तकतकीत पानांच्या या झुडपास 'जेड' म्हणतात आणि ते ठेवल्याने लक्ष्मी नांदते, असा समज आहे. त्या समजाशी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्यास आपण गल्ल्याशेजारी मान दिला, त्याची पारख व्यापाऱ्यास असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट ही की, एकाच नावाने येथे दोन निराळे माल विकले जातात. दोन्ही मूळचे दक्षिण आफ्रिकेतील. खरे जेड ते 'क्रॅसुला ओव्हाटा'. त्याची पाने मोठी व गरदार. दुसरे 'पोर्चुलाकारिया आफ्रा'. त्याची पाने नखाएवढी व कोवळ्या फांद्या तांबूस. दुसऱ्याची आंबट पाने त्या देशी माणसे खातात आणि १९३१ साली स्थापन झालेल्या ॲडो येथील राष्ट्रीय उद्यानात हत्तींचा तो नित्याचा चारा होय. पहिले मात्र कुत्र्यामांजरांस विषारी आहे. धान्याच्या गोदामात उंदरांमुळे मांजर असतेच. तेव्हा हा भेद आपणांस जाणणे अगत्याचे आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या काटकसरीची. बहुतेक वनस्पती दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी उडून जाते. जेड दिवसा दार मिटून बसते. रात्रीच्या गारव्यात हवेतील कर्बवायू घेऊन आम्लरूपाने साठविते व दिवसा सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनविते. या रीतीस शास्त्रात नाव मिळाले तेही क्रॅसुलाच्या कुळावरूनच. पाण्याची टंचाई पडली की पोर्चुलाकारियाही हीच रीत धरते.

असा साठा बाळगणाऱ्यास रोज पाणी घालणे म्हणजे त्याची मुळे कुजविणे होय. माती पुरती सुकल्यावरच पाणी द्यावे, पावसाळ्यात हात आखडावा. कुंडीच्या तळास भोक असावे. गल्ल्याचा कोपरा अंधारा असल्यास झाड लुकडे वाढते, म्हणून ते उजेडात ठेवावे. मात्र वैशाखातील दुपारच्या उन्हापासून जपावे.

याची फांदी तोडून, चार दिवस सावलीत सुकवून लावली तर सहज जीव धरते. सणासुदीस स्नेह्यांना देण्याजोगी ही भेट आहे. देताना मात्र दोहोंपैकी कोणते, ते नाव सांगूनच द्यावे.